कुणीच मागे उरणार नाही

कंपनीच्या सभागृहाचे मागचे दार उघडून मास्तरांनी आपली तीस मुले उंचीच्या क्रमाने आत सोडली, तेव्हा पहिल्या रांगेतला एक माणूस डोक्यावर खुर्ची उचलून उभा होता.

मास्तरांचे तिकडे लक्ष नव्हते. मुले मोजणे, त्यांना नाके पुसायला लावणे आणि की-बोर्डच्या वायरीसाठी प्लग शोधणे ही तिन्ही कामे शाळेच्या गायनशिक्षकाला एकट्यालाच उरकावी लागत. कंपनीच्या वर्धापनदिनाला शाळेचे वृंदगान ठेवले आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. वर्धापनदिन संध्याकाळी होता, आणि त्याआधी त्याच सभागृहात सुट्या भागांचा विभाग बंद झाल्याची बातमी कामगारांना द्यायची होती, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शाळेला वेळ चुकीची कळवली गेली होती. मॅनेजरसाहेबांनी नुकताच बातमीचा कागद वाचून संपवला होता आणि आता ते मागच्या खिडकीच्या उंचीचा अंदाज घेत होते.

मास्तरांनी हात वर केला.

"हात देऊ, हात घेऊ, कुणीच मागे उरणार नाही..."

गाणे मास्तरांचेच. शब्दही त्यांचे आणि चालही त्यांची. 'हात देऊ'ला मुलांनी दोन्ही हात पुढे करायचे, 'हात घेऊ'ला छातीशी आणायचे, आणि तिसऱ्या ओळीला दुसऱ्या आवाजाने खालून सूर उचलायचा. मुलांच्या पहिल्या रांगेत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी होती. तिने हात पुढे केले ते थेट खुर्चीवाल्याच्या पोटापाशी गेले. त्याने तिच्याकडे पाहिले. डोक्यावरच्या खुर्चीकडे पाहिले. मग खुर्ची हळूच खाली ठेवली, आणि ठेवलीच आहे तर म्हणून तिच्यावर बसला. कडव्यापर्यंत सगळे सभागृह बसले. गाणे संपले तेव्हा निम्मे लोक डोळे पुसत होते.

"मास्तर, देवासारखे धावून आलात!" मॅनेजरसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"आम्ही वेळ चुकलो म्हणे."

"चुकलात? अहो, आज माझं काही खरं नव्हतं. पण पोरांसमोर शिवी कशी देणार हो माणूस?"

मास्तर तरंगतच घरी आले. स्वयंपाकघरात त्यांचा मेहुणा गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. बायको ओट्याला टेकून उभी होती.

"आज कुठे गायलात?" तिने विचारले.

"कंपनीत! लोक रडले गं. अगदी ढसाढसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच..."

"त्या रडणाऱ्यांत हाही होता." तिने भावाकडे बोट केले. मेहुणा सुट्या भागांच्या गोदामात होता, हे मास्तरांना तेव्हा कुठे आठवले. "माझ्या भावाच्या पोटावर पाय देत होते, आणि तुम्ही तिथे बसून साथ करत होतात!"

"मला काय माहीत..."

"जाऊ दे ताई," मेहुणा म्हणाला. तो स्वभावाने गरीब होता. "दाजी, चाल मात्र छान होती."

मास्तर शरमेने अर्धे झाले होते. तरी त्यांच्या तोंडून निघून गेलेच, "खरंच? कडवं कसं वाटलं?"

बायकोने भांड्यावर झाकण आपटले.

तिथेच थांबले असते तरी बरे झाले असते. पण मॅनेजरसाहेबांचा एक मित्र रुग्णालयात मोठ्या पदावर होता, आणि त्याला रात्रपाळीच्या नर्सेस कमी करायच्या होत्या. त्या मित्राचे साडू नगरपालिकेत होते, आणि त्यांना एक जुनी इमारत भाडेकरूंकडून रिकामी करून घ्यायची होती. मुख्याध्यापिकेच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला तो थांबेना. शाळेला नवा की-बोर्ड आला, रंगमंचाला पडदे आले, मुलांना एकसारखे आकाशी सदरे आले.

"हे समाजकार्य आहे, मास्तर," मुख्याध्यापिका म्हणत. "आशेचा संदेश पोचवताय तुम्ही."

नाही म्हणावे असे मास्तरांच्या मनात दोनदा येऊन गेले. पण त्यांची एक अडचण होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. स्नेहसंमेलनात त्यांचे गाणे सुरू झाले की पालक आपापल्या पोराचा फोटो काढून चहाला बाहेर जात. पाहुणे भाषणाचा कागद चाळत. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशा शांततेत, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, त्यांचे गाणे आजवर फक्त घर सुटलेल्या नाहीतर नोकरी गेलेल्या माणसांनीच ऐकले होते. असा श्रोता सोडवत नाही.

ग्रंथालयाचे बोलावणे आले तेव्हा ते म्हणूनच फार खूश झाले. तिथे निमित्त खरोखरच चांगले होते. नव्या बालविभागाचे उद्घाटन होते. कोणाचे काही जाणार नव्हते, उलट मुलांना काहीतरी मिळणार होते.

घोटाळा इतकाच झाला, की ग्रंथपालबाईंची धाकटी बहीण त्याच रुग्णालयात रात्रपाळीची नर्स होती. बाईंनी खिडकीतून पाहिले. बसमधून आकाशी सदरे एकामागून एक उतरत होते. त्यांनी टेबलाचा खण उघडला, चष्म्याचे घर, डोकेदुखीचे मलम आणि हातरुमाल पिशवीत टाकला, आणि पिशवी खांद्याला लावून त्या अध्यक्षांच्या खोलीत शिरल्या. मास्तर मुलांना बाहेर रांगेत उभे करत होते. दार उघडेच होते.

"जायचंच आहे तर सगळं बोलून जाते," बाईंचा आवाज आला. "तुम्ही पुस्तकं वाचत नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नेता ती परत का आणत नाही? आपला शिक्का असलेलं पुस्तक तुमच्या सुनेच्या घरी खिडकीला टेकण म्हणून लावलंय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय! आणि तुमचं भाषण दर वर्षी मी लिहिते. त्यातलं साधं जोडाक्षर तुम्हाला वाचता येत नाही!"

मुले अगदी लक्ष देऊन ऐकत होती. गायनाच्या तासाला इतके लक्ष त्यांनी कधी दिले नव्हते. मास्तर घाबरून दारात गेले.

"बाई, उद्घाटनाला उशीर होतोय."

"म्हणजे उद्घाटन खरंच आहे?"

"आहे ना, बालविभागाचं. पाहुणे आलेत खाली."

बाईंचा हात खांद्यावरच्या पिशवीवर गेला. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष भाषणाचा कागद नीट घडी करून खिशात ठेवत होते. ते मास्तरांकडे वळले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "उद्घाटन झालं की मुलांना लगेच नेऊ नका, मास्तर. आणखी एकदा म्हणावं लागेल गाणं."

आणि खरेच म्हणावे लागले. दुसऱ्या खेपेला खोलीत एकच श्रोता होता. बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मास्तरांनी गाणे संपेपर्यंत की-बोर्डवरून मान वर केली नाही. निघताना बाईच त्यांच्यापाशी आल्या.

"तुमचा काही दोष नाही. फक्त यापुढे कशासाठी येताय ते आधी कळवत जा. माणूस निदान तोंड तरी आवरेल."

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. सकाळी ते सरळ मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेले, आणि बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

"यापुढे मी मुलांना असल्या ठिकाणी नेणार नाही."

"असल्या म्हणजे?"

"जिथे कुणाचं तरी काहीतरी जातं."

मुख्याध्यापिका हसल्या. "मास्तर, आशा लागते कुणाला? ज्याचं जातं त्यालाच ना? ज्याचं सगळं जागेवर आहे, तो कशाला ऐकेल तुमचं गाणं?"

हे मास्तरांना आधीच माहीत होते. तरी ते म्हणाले, "तरीही नाही."

"बरं. तुमच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही," त्या गोडीने म्हणाल्या.

घरी बायकोने कितीतरी दिवसांनी त्यांना गरम जेवण वाढले. "उशिरा का होईना, पाठीला कणा आहे म्हणायचा तुमच्या," ती म्हणाली. मास्तर दोन घास जास्त जेवले.

पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत शिपाई निरोप घेऊन आला, "सभागृहात बोलावलंय." मास्तर गेले. मुले उंचीच्या क्रमाने उभी होती. त्यांना मास्तरांनी उभे केले नव्हते. की-बोर्डच्या जागी एक काळा स्पीकर होता आणि त्याच्या शेजारी खेळाचे शिक्षक मोबाईल हातात धरून अवघडून उभे होते. संस्थाचालक कागद काढून तयार होते. मुलांसमोर एकच खुर्ची मांडली होती.

"या मास्तर, बसा," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मास्तर दारातच थबकले. सगळे आकाशी सदरे त्यांच्याकडे बघत होते. शेवटी ते जाऊन बसले.

"गायन हा विषय यंदापासून..." संस्थाचालकांनी वाचायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रित साथ, काळाची गरज, संस्थेची ओढाताण, आपल्या सेवेबद्दल कृतज्ञता. मास्तरांना शब्द तुटक तुटक ऐकू येत होते. त्यांना पडदे कशाच्या जोरावर आले ते सांगायचे होते, की-बोर्ड कोणी मिळवून दिला ते विचारायचे होते, आणि दोन शब्द असे होते की जे त्यांनी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. त्यांनी तोंड उघडले.

खेळाच्या शिक्षकांनी बटण दाबले. हातांच्या तीस जोड्या त्यांच्याकडे पुढे आल्या.

"हात देऊ..."

मास्तरांनी तोंड मिटले. पोरांसमोर कसे बोलणार?

तिसरी ओळ आली. दुसरा आवाज खुणेची वाट बघत राहिला. खेळाचे शिक्षक मोबाईलमध्ये बघत होते. दोघा-तिघांनी सूर उचलला, बाकीचे गप्प राहिले, स्पीकर पुढे निघून गेला. मास्तरांच्या कपाळावर आठी आली. त्यांना ते सहन होईना. मांडीवरचा हात आपोआप उठला. मुलांनी लगेच तो पाहिला, आणि दुसरा आवाज खालून असा अलगद वर आला की स्पीकरसुद्धा झाकला गेला. मास्तर खुर्चीत बसूनच हात हलवत राहिले. शेवटचा सूर त्यांनी मूठ मिटून बंद केला. इतके बिनचूक ते गाणे आजवर झाले नव्हते.

संस्थाचालकांना गहिवरून आले होते. चष्मा काढून डोळे पुसत ते मुख्याध्यापिकेकडे झुकले.

"वा! चाल कुणाची हो ही?"

"आपल्याच शाळेत होते एक मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.