लिहून देणार अब्बासचाचा

आमच्या ईसा टाउनच्या बिल्डिंगमधले अब्बासचाचा दर शुक्रवारी नमाजहून आले की चपला काढायच्या आत मोबाईलवर स्वतःचा सातबारा उघडून बघतात. घर दापोली तालुक्यात, चाचा बहरीनमध्ये. आठवडाभरात त्या उताऱ्यावरून त्यांचं नाव कोण पुसणार आहे? पण छे! चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाशी, आणि नाव दिसलं की अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडणार, "अजून हाय!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गावाकडचं कुणी अत्यवस्थ माणूस वाचलं.

चाचा मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. गोदामात आलेला एकेक खोका वहीत चढवता चढवता त्यांचा असा समज झालाय की जगात ज्याची नोंद नाही ते घडलेलंच नाही. "नोंद झाली? मग खलास!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी मुलीचं लग्न जमलं म्हणून पेढे वाटले, तर चाचा पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "नोंद कधी हाय?"

एकदा त्यांनी माझा कुकर मागून नेला. परत आणला तो कागदासकट. 'कुकर एक, शिटी एक, दांडा किंचित सैल (पहिल्यापासून).' खाली माझ्या सहीला जागा आणि दोन साक्षीदार. त्यातला एक आमचा केरळी वॉचमन, ज्याला मराठीचं अक्षर येत नाही! मी थक्क होऊन सही केली. नवऱ्याने तो कागद फ्रिजवर चिकटवला आहे.

तरी बिल्डिंगमधला कुठलाही मराठी माणूस गावाकडचा कागद आला की आधी चाचांकडे जातो. मुखत्यारपत्र कसं करायचं, शिक्का कुठे हवा, सगळं त्यांना पाठ. आणि प्रत्येकाला एकच दम. "सही घरी करायची नाय. वकिलातीत, साहेबासमोर!"

म्हणून मागे ते मला "ताई, गुरुवारी साक्षीदार म्हणून चल" म्हणाले तेव्हा मी निर्धास्त गेले. सीफला वकिलातीत पोचलो, नंबर आला, चाचांनी मुखत्यारपत्र खिडकीतून आत सरकवलं. साहेबांनी पान उलटलं आणि म्हणाले, "चाचा, ये तो पहले से साइन किया हुआ है. नया बनाके लाइए."

हे म्हणजे पोहणं शिकवणाऱ्याने बादलीत बुडावं तसं झालं!

"चाचा, तुम्ही? घरून सही करून आणलीत?"

चाचा बाहेर येऊन बाकावर बसले. "काल दुपारी केली," ते म्हणाले. "हितं येईस्तोवर माझं मन फिरलं असतं तर?"

"कशावरून?"

"घरावरून. रबियाला बक्षीस देतोय. माझ्या बहिणीला."

त्या घराचा एकेक चिरा आम्ही फोटोत पाहिला होता. निवृत्त झाल्यावर ओटीवर खुर्ची कुठे ठेवायची, तेही ठरलेलं होतं. मी ओरडलेच, "अहो, मग तुम्ही कुठे राहणार?"

ते दुसरंच सांगायला लागले. "अब्बा गेले तवा मी रजेवर गेलो. हक्कसोडपत्र तयार करून रबियाच्या पुढ्यात ठेवलं. भाकरी थापत होती गो. हात पुसलान नि सही केलान. मी तिला साडी दिली. सगळेच देतात."

मीही भावाला तशीच सही करून, पैठणी घेऊन, खुशीत घरी आले होते.

"आता ती विधवा. त्याच घरात राखण करते. गेल्या महिन्यात फोन केलान. म्हणते, भाई, भिंतीला एक खिळा ठोकू काय? कॅलेंडर लावायचंय." चाचांचा आवाज फुटला. "बापाच्या घरात, ताई! खिळ्याला परवानगी!"

आम्ही शेजारच्या टायपिंगच्या दुकानातून नवा कागद करून आणला. साहेबासमोर चाचांनी पेनाचं टोपण दोनदा काढून दोनदा लावलं, मला भीती वाटली, आता खरंच मन फिरतंय. पण सही झाली. बाहेर येताना ते माझ्याकडे न बघता "यल्ला, चल" म्हणाले.

कागद तिकडे गेला, मुद्रांकाचे सोपस्कार झाले आणि नोंदणीच्या दिवशी सकाळी चाचा आमच्या हॉलमध्ये येऊन बसले. फोन टीपॉयवर, स्पीकर चालू. पलीकडे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत चाचांचे मेव्हणे, बायकोचे भाऊ, तेच त्यांचे मुखत्यार. "झाली नोंद," ते म्हणाले. चाचांनी बहिणीला फोनवर बोलवलं.

"बाय, सही केलीस?"

"केली. अंगठा घेतलानी, फोटो काढलानी."

"साहेबाने इचारलान काय?"

"कबूल हाय काय म्हणून इचारलान. मी हो बोलली."

"कागद वाचलास?"

"तू धाडलेला कागद मी कशाला वाचू?" मग अगदी हळू, "भाई, घर कधी खाली करायचं तेवढं सांग. कोंबड्या हायत. त्यांचं कायतरी बघाय लागंल."

मी चाचांकडे पाहिलं. ह्या माणसाने तिला काही सांगितलंच नव्हतं! लाजेपोटी मेव्हण्यांना म्हणाले होते, तिला कायपण बोलू नको, नुसती सही घे. आणि भावाने घर विकलं असं समजून ती मुकाट्याने सही करून उभी होती.

चाचांनी फोन माझ्याकडे सरकवला.

मी सांगितलं. घर तुमच्या नावावर झालंय, चाचांनी तुम्हाला दिलंय, कुठे जायचं नाही. दोनदा सांगावं लागलं.

"मग भाईला कुठली खोली ठेवू?" रबियाबाईंनी विचारलं. "माडाकडची, काय रस्त्याकडची?"

चाचा रुमालात तोंड घालून लहान पोरासारखे रडत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

"तिला सांग," ते म्हणाले, "ती देल ती."