शेवटच्या स्कूटरवरचे सोनटक्के

विषय : श्री. वामन सोनटक्के यांना आहे त्याच जागी, म्हणजे सर्वांच्या मागे, राहू देण्याबाबत.

स्थळ : ऑकलंड शहर, बंदराच्या धक्क्यापासून टेकडीवरच्या बागेपर्यंतचा रस्ता. वेळ : गेला शनिवार, सकाळी दहा. साक्षीदार : (१) अर्जदार दिगंबर मोहिते, (२) अर्जदाराची पत्नी सौ. सुमन, (३) लांब कोट घातलेल्या एक अनोळखी गोऱ्या आजी, (४) तक्रार करणारे गृहस्थ. हे चौथे आमच्याविरुद्ध साक्ष देतील. आम्हांला तीही उपयोगी पडेल.

सादर करण्यास कारण की, मी पेनरोजच्या एका गोदामात माल उतरवून घेतो आणि उरलेल्या वेळात इथल्या मराठी मंडळींचे अर्ज लिहितो. माझी शाळा नववीत सुटली, अर्ज मात्र सुटला नाही. प्रस्तुत अर्जाचे इंग्रजी माझ्या मुलीने केले. "बाबा, दिस इज हीप्स लाँग," असे म्हणून तिने चार ओळी ठेवल्या. गाळलेला भाग वाचकांपुढे मांडणे मला कर्तव्य वाटते.

सोनटक्के हे विजेच्या स्कूटरवरून पाहुण्यांना शहर दाखवतात. उभे राहून चालवायची, दोन चाकांची ती स्कूटर. शहर दाखवणारा मनुष्य सर्वत्र पुढे असतो. सोनटक्के शेवटी असतात. गळ्यात शिट्टी, अंगात पिवळे जाकीट. त्यांचे एक ठरलेले वाक्य आहे : "पुढचा दिसतो हो सगळ्यांना. मागे कोण राहिलं, ते सांगा."

हा त्यांचा केवळ नोकरीतला नियम नव्हे. आमच्या गणपतीच्या जेवणात ते शेवटच्या पंगतीला बसतात. लिफ्टमधून शेवटी बाहेर पडतात आणि पडताना आत एकदा वाकून पाहतात. एकदा सभागृहाबाहेर जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, एक जोड उरला, तेव्हा त्याचा मालक स्वच्छतागृहात सापडेपर्यंत त्यांनी दाराला कुलूप लावू दिले नाही.

शनिवारी आम्ही पतिपत्नी त्यांच्या सहलीला गेलो. निघण्यापूर्वी त्यांनी प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा स्वतः तपासला.

"हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत. तिसरं जाता कामा नये. मोहिते, गिळा."

"काय गिळू?"

"आवंढा. पट्टा कळतो त्यानं."

मी गिळला. त्यांनी पट्टा एक घर आवळला. मग प्रत्येकाला एक फेरी मारायला लावून ते गुडघ्यांकडे पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मोहिते, तुम्ही सगळ्यांच्या पुढे."

एवढ्या परक्या मंडळींतून अग्रस्थान आपल्याला मिळाले, याचा मला जो अभिमान वाटला तो मी लपवला नाही. सुमन म्हणाली, "जा, मिरवा."

जो सर्वांत घाबरतो त्याला ते पुढे ठेवतात, हे मला टेकडीच्या पायथ्याशी समजले. ताफ्याचा वेग तोच ठरवतो. बाबागाडी ढकलणारी एक बाई आम्हांला ओलांडून गेली, आणि जाताना "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करण्याइतकी सवड तिला मिळाली. चौथे साक्षीदार ओरडले, "मेट, कॅन वी गो एनी फास्टर?"

मागून उत्तर आले, "नो वरीज, सर. सिटी कुठे पळून जात नाही." उरलेले अर्धे त्यांना न कळल्यामुळे भांडण टळले.

प्रत्येक सिग्नलला सोनटक्के सर्वांना उतरवतात, मोजतात, आणि स्कूटर ढकलत सर्वांना एकदमच पलीकडे नेतात. निम्मे अलीकडे आणि निम्मे पलीकडे, ही स्थिती त्यांना सहन होत नाही.

उतारावर शिट्टी वाजली. एकच, लांब. मी थांबलो, म्हणून सगळे थांबले. वळून पाहतो तो सोनटक्के आजींच्या स्कूटरपाशी रस्त्यावर गुडघे टेकून बसलेले. आजींच्या कोटाचा सुटलेला पट्टा मागच्या चाकात शिरला होता. चाकाने त्याचा एक वेढा घेतला होता. दुसऱ्या वेढ्याला आजी खाली आल्या असत्या. आजींना काही माहीत नव्हते. आम्हां पुढच्या सातजणांना तर मुळीच नव्हते. सोनटक्क्यांनी वेढा हलकेच सोडवला, पट्ट्याची कोटावर नीट गाठ मारली आणि म्हणाले, "एक ते आठ, मी नववा. चला." जणू पडलेला रुमाल उचलून दिला.

बागेत पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. चौथ्या साक्षीदारांनी तक्रार केली. अशा तक्रारी पूर्वीही झाल्या होत्या. सहल कंपनीच्या मालकांनी सोमवारी कळवले : येत्या शनिवारपासून पुढे राहा, नाहीतर येऊ नका.

"मग येत नाही," असे सोनटक्के त्यांना सांगून आले.

अर्जासाठी तपशील घ्यायला मी सपत्नीक त्यांच्या घरी गेलो. "कारण सांगा," मी म्हणालो. "कारणावाचून अर्ज उभा राहत नाही."

ते चहा गाळत राहिले. इतक्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई आतून आल्या. त्या विजेच्या चार चाकांच्या खुर्चीगाडीवर बसतात.

"अहो, सांगा की. नाहीतर मी सांगते."

"तूच सांग."

"त्याच उतारावर हो, मोहिते भाऊजी. आम्ही फिरायला निघालेलो. सप्तपदीला हे पुढे होते, ते पुढेच राहिले. दहा पावलं पुढे चालायचं आणि बोलत राहायचं. मी मागून हं हं करायची. त्या दिवशी माझा पाय घसरला, आणि हं थांबलं. यांना वाटलं, मी रुसले."

सुमन हसली. मीही हसलो. सोनटक्के हसले नाहीत.

"कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेलो मी," ते गाळण्याकडे पाहत म्हणाले. "आत शिरलो. दुधाच्या फ्रिजपाशी उभं राहून विचारलं, 'एक बाटली की दोन?' आणि वळलो. मागे कोणीच नव्हतं, मोहिते. कमरेचं हाड मोडून ही रस्त्याकडेला पडलेली, आणि मी तिला दुधाचं विचारतोय."

मी लेखणी खाली ठेवली.

चहानंतर त्यांची फिरायला जायची वेळ झाली. मालतीबाई गाडीवरून पुढे निघाल्या. गाडीच्या पाठीला बांधलेले लाल निशाण हलत होते. सोनटक्के पायी, दहा पावले मागे. ते काहीच बोलत नव्हते. तरी थोड्या थोड्या वेळाने मालतीबाई मागे न पाहता मोठ्याने म्हणत, "हं." आणि मागून उत्तर येई, "आहे."

कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ते ऐकत उभा राहिलो. मग आमच्या मोटारीकडे निघालो, आणि निम्म्या वाटेत माझे मलाच थांबावेसे वाटले. वळून पाहिले. सुमन पंधरा पावले मागे होती, माझी फाईल आणि माझी छत्री सांभाळत.

"काय हो, काही विसरलात?" तिने विचारले.

"चल, तू हो पुढे," मी म्हणालो.

तरी माननीय मालकांस विनंती की, श्री. सोनटक्के यांची शेवटची जागा कायम करावी आणि तसे लेखी उत्तर शनिवारपूर्वी द्यावे. अर्जदार घरी न भेटल्यास तो रस्त्यावर, आपल्या पत्नीच्या मागे, सापडेल.

आपला उत्तराभिलाषी,
दिगंबर मोहिते