कासव म्हणून नोंदलेली होडी

माणसाला दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची जी ओढ असते, ती तो दुसरा जितका लांब तितकी वाढत जाते, हे आता सर्वमान्य झालं आहे. शेजाऱ्याच्या विहिरीत पडलेली कळशी काढून द्यायला माणसाला कंटाळा येतो. तीच कळशी आफ्रिकेत पडली तर तो पासपोर्ट काढतो. पंचायत समितीत एकतीस वर्षं लिपिक म्हणून काढल्यावर मला माणसाच्या स्वभावाचं नवल वाटेनासं झालं आहे. त्याची नोंद मात्र नीट ठेवलेली मला आवडते.

म्हणून आमच्या गावात 'स्वयंसेवा शोध व निवड मार्गदर्शन केंद्र' निघालं, तेव्हा मानद सचिव म्हणून माझी एकमताने निवड झाली (सभेला मी एकटाच होतो). पूर्वी आमच्याकडे फार अनागोंदी होती. कोणाचं घर शाकारायचं असलं, कोणा म्हाताऱ्याला मालवणला दवाखान्यात न्यायचं असलं, की लोक नुसते उठून जात. फॉर्म नाही, ओळखपत्र नाही, फोटो नाही. गेल्या शंभर वर्षांत या गावाने समाजसेवा किती केली असं वरून विचारलं असतं, तर आम्हाला 'निरंक' असं कळवावं लागलं असतं. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली होती.

आता तसं नाही. गावातल्या दोनशे बारा धडधाकट माणसांपैकी एकशे सत्त्याऐंशी जण नोंदणीकृत स्वयंसेवक आहेत. (उरलेल्या पंचविसांना जमत नाही, त्यांना कामं असतात.) निवडीची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फॉर्ममधला पहिलाच प्रश्न: 'आपलं मन सर्वांत जास्त कोणासाठी द्रवतं? एकच पर्याय निवडा.' उत्तरं अशी आली: समुद्री कासव एकसष्ट टक्के, परदेशी अनाथ मुलं बावीस टक्के, हत्ती चौदा टक्के, आणि 'कोणासाठीही, पण प्रमाणपत्र मिळावं' तीन टक्के. 'शेजारी' हाही पर्याय आम्ही ठेवला होता. एकाने त्यावर खूण केली होती, पण ती चुकून झाल्याचं त्याने दुसऱ्या दिवशी लेखी कळवलं.

दुसरा टप्पा, देशात की परदेशात. देशात जायचं तर गावापासून निदान आठशे किलोमीटर, अशी आमची अट आहे. धामापूरच्या तलावातला गाळ काढायला तिघांनी अर्ज केले होते. त्यांना मी जवळ बसवून समजावलं, की अहो, संध्याकाळी जेवायला घरी यायचं म्हटल्यावर त्याला सेवा कोणत्या तोंडाने म्हणायची? पोरं समजूतदार निघाली. सध्या ती राजस्थानात एका तलावातला गाळ काढत आहेत.

केंद्राचं सर्वांत मोठं यश म्हणजे नितेश. काशीराम आणि गोदूबाईचा एकुलता मुलगा. काशीराम होडीवर मासेमारी करतो, गोदूबाई मासे विकते. नितेशने 'पूर्वानुभव' या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं होतं. बारा वर्षांचा असल्यापासून तो कोणाचीही होडी ओढायला धावत जायचा, पण तो अनुभव धरायचा असतो हे त्याला सुचलंच नाही. त्याची निवड फिलिपाइन्समधल्या एका बेटासाठी झाली. कामाचं स्वरूप: तिथल्या गरीब मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यावर ओढून देणे.

मे महिन्याच्या मध्यावर काशीराम केंद्रात आला. मिरगाआधी, म्हणजे पाऊस लागायच्या आत, होडी पाण्यापासून लांब, वर झावळ्यांच्या खोपीत न्यायची असते. नाही नेली तर पहिल्या उधाणात समुद्र ती घेऊन जातो. काशीरामकडे दुसरी होडी नाही आणि दुसरा धंदाही नाही. चार माणसांनी ती हलत नाही, हे त्याने करून बघितलं होतं.

"गुरुदासा, माका बावीस माणसां होयी," तो म्हणाला. "आदी हाक मारलंय काय लोक येयत. काल मारलंय तर सगळ्यांनी विचारल्यानी, तास धरतले मा?"

प्रश्न रास्त होता. प्रमाणपत्र सेवेच्या तासांवर मिळतं, आणि नोंद नसलेल्या कामाचे तास धरता येत नाहीत. मग काशीरामने मोबाइल काढून मला नितेशचा फोटो दाखवला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पोरगा एक निळी होडी ओढत होता, आणि हसत होता.

"माझो झील थंय दुसऱ्याची होडी ओढता," काशीराम म्हणाला, "आणि हय माझी ओढूक माणूस नाय."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? काशीराम आणि मी शाळेत एका बाकावर बसलेले. पण आमच्याकडे होडीला प्रवर्गच नव्हता. पर्यावरण, शिक्षण, वृद्ध आणि प्राणी, एवढेच चार. वृद्धांत ती बसेना (अट साठ वर्षांची, होडी सतरा वर्षांची). शेवटी मीच मार्ग काढला. प्राण्यांमध्ये 'किनाऱ्यावर अडकलेला समुद्री जीव' असा उपप्रवर्ग आहे. होडी समुद्रात असते, सध्या किनाऱ्यावर अडकली आहे, आणि मागणी कासवाला आहे. मी 'कासव (मोठं)' असं लिहून शिक्का मारला.

गोदूबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "भावजी, तुमका हात आसत मा दोन? मगे चला."

सचिवाने प्रत्यक्ष सेवा करणं नियमात बसत नाही, हे मी तिला सांगितलं. ती वळली आणि टोपली उचलून बाजाराला गेली.

नोंद ऑनलाइन चढवल्यावर तासाभरात त्रेसष्ट अर्ज आले, पुण्याहूनसुद्धा. चाळीस निवडले (प्राण्यांना आठशे किलोमीटरची अट नाही). रविवारी सकाळी सगळे निळे टी-शर्ट आणि हातमोजे घालून हजर. निम्मे पुण्याचे, निम्मे आमच्याच गावातले; पण टी-शर्ट चढवल्यावर आमच्यातल्या कोणी काशीरामला ओळख दाखवली नाही. गटप्रमुख दिव्या नावाची पुण्याची मुलगी होती. शिरोड्याला कासवाची पिल्लं पाण्यात सोडण्याचा तीन वर्षांचा अनुभव, आणि वागायला अत्यंत शिस्तीची.

ती होडी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर आमच्यावर अडाणीपणाचा आरोप झाला. चाळीसपैकी चाळीस जणांना दिसत होतं. पण हातातल्या कागदावर कासव होतं, आणि तास कागदाप्रमाणे मिळतात.

कासव-सुटकेच्या मार्गदर्शिकेनुसार आधी होडीवर ओली फडकी घातली. मग सगळे दहा मिनिटं गप्प उभे राहिले, तिला भीती वाटू नये म्हणून. काशीरामला वाटलं, शहरातली पद्धत असेल. तो बिचारा सगळ्यांना शहाळी देत हिंडत होता. मग आलं कलम सात: 'अडकलेल्या जीवाला अलगद समुद्राकडे न्यावे.'

चाळीस माणसांनी होडीला हात घातला आणि तिचं तोंड पाण्याकडे वळवलं. काशीराम शहाळं टाकून धावला.

"खंय नेतास तिका? वर घेवा रे, वर! होडी आसा ती माझी!"

दिव्याने मार्गदर्शिकेचं पान उलटलं. कलम नऊ: 'स्थानिक व्यक्ती भावनिक झाल्यास तिला सौम्यपणे बाजूला न्यावे.' दोन मुलींनी काशीरामला सौम्यपणे धरलं. एक त्याला म्हणाली, "काका, ती तिच्या घरी चालली आहे." टी-शर्टातला आमच्या गावचा होडीवाला गंगाराम तेवढा क्षणभर थांबला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी हजेरी घेत होतो.

होडी पाण्यात गेली. टाळ्या झाल्या. वल्ही घरी, नांगर घरी, आणि वारा उठलेला. काशीराम तिच्यामागे पोहत निघाला होता, त्याला गोदूबाईने कमरेला मिठी मारून मागे ओढलं. दुपारपर्यंत होडी दिसत होती. मग ती खडकांवर जाऊन आपटली.

अहवाल मी त्याच दिवशी पाठवला. मुक्त केलेले जीव: एक. सेवा: एकशे वीस तास. इजा: कोणालाही नाही. टाळ्यांपर्यंतचा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला. पुढच्या रविवारी किनारा स्वच्छता मोहीम झाली, तिच्यात एकशे चाळीस किलो लाकडी कचरा गोळा झाला. त्यातली एक फळी मागायला काशीराम आला होता. ती उचलून नेल्याबद्दल मी त्याचा अर्धा तास धरला. नितेशला फोनवर सगळं कळवलं. त्याला लगेच येता येत नाही, तिथे अजून बारा होड्या ओढायच्या आहेत.

व्हिडिओ पाहून देशभरातून सहाशे चार जणांनी केंद्राकडे विचारणा केली. राहण्याची सोय काय, मोबाइलला रेंज आहे का, शाकाहारी जेवण मिळेल का, प्रमाणपत्रावर फोटो असतो का. सगळ्यांना मी उत्तरं दिली.

आता गंगारामची होडी खाली पाण्याजवळ आहे आणि पावसाला पाच दिवस आहेत. तिची नोंद मी कशातच केलेली नाही. बावीस माणसं लागतात, अर्धा तास पुरतो. काशीराम येतो म्हणाला, गोदूबाई येते म्हणाली. मला धरून आम्ही नऊ झालो आहोत.

आपण हे शेवटपर्यंत वाचलंत. काशीरामसाठी हळहळलात, दिव्यावर चिडलात, मला मनातल्या मनात चार शिव्या घातल्यात. आपलं मन चांगलं आहे, यात शंकाच नाही. फक्त आमच्या गावाचं नाव मी वर कुठेही दिलेलं नाही, आणि आपल्यालाही ते अजून विचारावंसं वाटलेलं नाही.