मुक्तामावशीची अर्धी गोळी

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी मुक्तामावशीनं मुलाच्या वडिलांच्या तळहातावर तापाची अर्धी गोळी ठेवली. जेवणं उरकली होती, माझी बायको बडीशेपेची वाटी शोधत होती. तेवढ्यात मावशीनं कमरेची चंची सोडली, अडकित्त्यात गोळी धरून कट्‌कन फोडली आणि अर्धी पुढं केली. त्या भल्या गृहस्थांना वाटलं, आमच्याकडं जेवणावर असंच काहीतरी देत असतील. त्यांनी ती चक्क चघळली. तो चेहरा मी अजून विसरलेलो नाही. सोयरीक जमली हे नशीब, पण पुढं कितीतरी दिवस ते माझ्या घरचं पाणीसुद्धा वास घेऊन प्यायचे.

मी चौसाळ्यात औषधाचं दुकान चालवतो. रीतसर शिकलेला फार्मासिस्ट आहे, सर्टिफिकेट काचेत घालून भिंतीवर लावलंय. तरी आमच्या गल्लीत तापाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा नाही. तो समोरच्या ओट्यावर बसलेल्या मुक्तामावशीचा. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं नुसती काडी, वजन चाळीस किलोच्या आत. यजमान तात्या पोस्टातून रिटायर झालेले, तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा पुण्याला नोकरीत. मावशी एकटी राहते, म्हणजे रात्रीपुरती. दिवसभर तिचा ओटा भरलेला असतो.

चंचीत पूर्वी पान, चुना, कात आणि सुपारी असायची. तात्या गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या तोंडात पांढरे चट्टे उठले आणि डॉक्टरांनी सुपारी-तंबाखू बंद करायला सांगितली. तिनं एका दिवसात बंद केली. मी थक्क झालो, कारण भलेभले गडी माझ्यासमोर शपथा घेतात आणि दुकानाच्या मागं जाऊन मळतात. पण चंची काही सुटली नाही. सुपारीच्या कप्प्यात पॅरासिटामॉलच्या गोळ्या आल्या. हे नाव तिनं कधी उच्चारलं नाही. तिच्या लेखी ती ‘पांढरी’. पाकिटं कप्प्यात मावत नाहीत म्हणून ती सगळ्या गोळ्या सोलून सुट्या टाकायची, आणि जुन्या काताचे डाग लागून पांढरी लालसर व्हायची.

“मावशे, गोळी पाकिटातच ठेवावी. वर नाव असतं, तारीख असते,” मी ओरडायचो.

“मला काय तिला टपालात टाकायचीय? नाव-पत्ता कावून पाह्यजे?” पोस्टमास्तरणीच्या थाटात ती विचारायची.

तिची तपासायची तऱ्हाही ठरलेली. कोणी ओट्यापाशी येऊन “जयभीम मावशी” म्हणालं, की ती “जयभीम” म्हणता म्हणता उलटा हात त्याच्या मानेला लावायची. “लई कढत हाय की रं. दोन घास खाल्लेस का? न्हाई? मंग आधी खा.” इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, दाढदुखी, यावर ही गोळी चालतेच. पण मावशीची पांढरी तिथं थांबत नव्हती. पोटात कळ आली, पांढरी. उचकी थांबेना, पांढरी. सुनेशी भांडण झालं, पांढरी, आणि तीही सासूला. कोणी बीडला निघालं तर “मांजरसुंब्याच्या घाटात डोकं दुखाया लागल्यावर कुठं हुडकशील? आत्ताच घे,” म्हणून दुखायच्या आधीच. एकदा शेळीचे कान गरम लागले म्हणून गुळात घालून तिलाही दिली.

मी किती वेळा समजावलं! मोठ्या माणसाला एका वेळी एक, फार तर दोन. मध्ये चार ते सहा तास जायला पाहिजेत. दिवसाला मर्यादा आहे, आणि म्हाताऱ्या, बारीक, दारू पिणाऱ्या माणसाला ती मर्यादा आणखी कमी. लेकरांना वजन बघून, डॉक्टरला विचारून. जास्त झाली तर लिव्हर जातं, आणि जाताना आवाजसुद्धा करत नाही. मावशी सगळं शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, “सुदाकर, अर्धीनं काय होतंय?”

माझं नाव सुधाकर. पण तिच्या तोंडून ते इतक्या मायेनं यायचं की माझा राग तिथंच विरायचा. शिवाय तिची एक गोष्ट माझ्या सर्टिफिकेटात बसत नव्हती. आदल्या दिवशी ज्याला गोळी दिली, त्याच्या दारात ती सकाळी सकाळी जाऊन उभी राहायची. “उतरला का रं?” माझ्या दुकानातून रोज पन्नास माणसं औषध नेतात. उतरला का, हे विचारायला मी आजवर कोणाच्याही दारात गेलेलो नाही.

यंदा पाऊस सरता सरता गावात तापाची साथ आली. घरटी एक माणूस पांघरूण घेऊन पडलेला. मावशीच्या ओट्यावर बस स्टँडसारखी गर्दी. ती दोन दिवसांआड पाकिटं न्यायची आणि मी द्यायचो. गावाला वाटते, अर्धी-अर्धीच वाटते, जाऊ दे, असं मी धरून चाललो होतो. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

एके दिवशी दुपारी दुकानात शुकशुकाट होता. मी उठून समोरच्या ओट्यावर जाऊन टेकलो. तेवढ्यात मागच्या गल्लीतली शांताबाई आली. मावशीनं हात लावून बघितला, गोळी फोडली, अर्धी तिच्या हातावर ठेवली. आणि उरलेली अर्धी स्वतःच्या तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्याली.

मला वाटलं, माझी नजर चुकली.

“मावशे, तू कावून घेतलीस?”

“मंग? ती एकलीच खाईल व्हय?”

“तुला ताप आहे का?”

“मला कशाचा ताप! दारात आलेल्या माणसाला एकल्याला खाऊ घालत न्हाईत, बाबा. घरच्यानं संगं खावं लागतं. तुझ्या आईनं शिकवलं न्हाई का?”

“आणि हे... सगळ्यांबरोबर करतेस?”

“सगळ्यांसंग. एकासंग खायची आन एकासंग न्हाई, आसं कुठं आसतं का? आमी काय जातपात पाळतो?”

पानाची रीत! पान दिलं की आपणही खायचं, पाहुण्याला एकट्याला चघळत बसवायचं नाही. ती रीत या बाईनं जशीच्या तशी तापाच्या गोळीला लावली होती, आणि अडीच वर्षं माझ्या दुकानासमोर, माझ्या डोळ्यांदेखत. एरवी दिवसाला चार-सहा माणसं यायची, म्हणून निभावलं असेल. पण साथीत?

“काल किती जण आले होते?”

“सोळा-सतरा आसतील. परवा जास्ती व्हते.”

म्हणजे आठ गोळ्या नुसत्या पाहुणचाराच्या. वर गुडघ्यासाठी हीच गोळी सकाळी एक, झोपताना एक. त्या मीच दिलेल्या. आणि नाक वाहतंय म्हणून दुसऱ्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी दिवसातून तीनदा, सगळ्याच अडकित्त्यानं अर्ध्या-अर्ध्या करून. तिचं पाकीट मी उलटं करून वाचलं. आत तेच औषध. सर्दीची, तापाची, अंगदुखीची, रंग वेगळे, नावं वेगळी, आणि आत बऱ्याचदा पॅरासिटामॉलच. मी पाकीट खाली ठेवलं.

“जेवलीस का तू?”

“चार दिस झाले, अन्नाचा वास बी नको वाटतोय. मळमळतंय नुसतं. साथ हाय ना गावात, त्याचंच आसंल.”

मी तिला उन्हाकडं तोंड करायला लावलं. डोळ्यांचे पांढरे भाग हळदीच्या पाण्यासारखे झाले होते. मी शटर ओढलं, समोरून जाणारी जीप थांबवली आणि तिला उचलूनच आत बसवलं. ती रस्ताभर जीपवाल्याच्या मानेला हात लावायचा प्रयत्न करत होती. त्याला पांढरी द्यायची होती.

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “आजी, दिवसाला किती गोळ्या घेता?”

“एक बी न्हाई.”

“एकही नाही?”

“लेकराची आन घेऊन सांगते, मी आजवर आख्खी गोळी तोंडात टाकली न्हाई. अर्धीच.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी सगळा हिशेब सांगितला. त्यांनी लगेच रक्त काढायला सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला बाहेर बोलावलं. “लिव्हरला मार बसलाय. अजून चार दिवस घरीच बसली असती तर माझ्या हातात काही राहिलं नसतं,” म्हणाले. “तुम्ही फार्मासिस्ट ना?” असंही म्हणाले.

सलाईनमधून औषध सुरू झालं. पुण्याहून मुलगा रात्रीच निघाला. पहिले दोन दिवस मी घाबरून नुसता तिच्या डोळ्यांकडं बघत बसायचो, पिवळेपणा वाढतोय की उतरतोय. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मानेला उलटा हात लावला. तेव्हा म्हटलं, म्हातारी वाचली.

घरी आल्यावर मी आधी चंची ताब्यात घेतली. ओट्यावर उलटी करून झटकली. गोळ्या पडल्या, अर्धुकं पडली, चुन्याची रिकामी डबी पडली. अगदी आतल्या, दोऱ्यानं शिवून टाकलेल्या कप्प्यात मात्र काहीतरी टणक लागलं. मी दोरा तोडला. सुपारीचं एक खांड होतं. बरोबर मधोमध फोडलेलं, अर्धं.

“सुपारी सोडली म्हणाली होतीस ना? डॉक्टरांनी बंद केलीय!” मी भडकलोच.

“माझी न्हाई ती. ह्यांची हाय.”

मी खांड तिच्या हातात दिलं.

“दुपारचं जेवण झालं की मी एक सुपारी फोडायची. अर्धी ह्यांना, अर्धी मला. पोस्टातून दुपारचे घरी यायचे ते तेवढ्यापायीच. चाळीस वरसं. त्या दिशी बी फोडली. माझी तोंडात टाकली आन ह्यांना हाक मारली. तर हे उठलेच न्हाईत.” ती ते खांड बोटानं पुसत होती. “मी आधी खायला नको व्हती, सुदाकर. रोज ह्यांनी टाकल्याबिगर मी टाकत न्हवते. त्याच दिशी कावून टाकली?”

ती रडली नाही. रिकाम्या चंचीकडं बघत तिनं विचारलं, “आता मी कुणासंग खाऊ?”

माझ्याकडं त्यावर गोळी नव्हती.

गोळी बंद झाल्याचं गल्लीत कळलं आणि ओटा रिकामा पडायला लागला. ताप मोजायला लोक माझ्याकडं यायला लागले. मी जिंकलो होतो, आणि मला दुकानातून समोर बघवत नव्हतं. चार दिवसांनी दुपारचं जेवण झाल्यावर मी शटर अर्धं ओढलं, बरणीतल्या दोन खारका खिशात टाकल्या आणि ओट्यावर जाऊन बसलो.

“ताप हाय का?” तिनं मानेला हात लावला.

“नाही. जेवण झालं, म्हणून आलो.”

मी खारीक पुढं केली. तिनं ती हातात घेतली. मग अडकित्ता काढला, बी बाजूला करून खारकेचे दोन भाग केले आणि एक माझ्या तळहातावर ठेवला. मला शुगर आहे, हे तिला ठाऊक आहे. रोज सकाळी गोळी घेतलीस का, हे तीच विचारते.

“मावशे, मला गोड चालत नाही.”

“अर्धीनं काय होतंय?” ती म्हणाली आणि आपला तुकडा बोटात धरून माझ्या तोंडाकडं बघत थांबली.

मी टाकली. मग तिनं टाकली.