हरणाऱ्याला पहिली भाकरी

बायजाक्काच्या खानावळीत तव्यावरची पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडणार, हे युरोपातल्या लढाईवर ठरायचं.

ही थट्टा नाही. बेचाळीस साली मी नगरात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करायचो आणि दोन्ही वेळा माळीवाड्यातल्या तिच्या खानावळीत जेवायचो. जेवायच्या खोलीत पाटांच्या दोन ओळी असत. एका ओळीत जर्मनी जिंकावी म्हणणारे बसत, समोरच्या ओळीत रशिया जिंकावा म्हणणारे. हे कुणी ठरवलं नव्हतं. भांडायला समोरासमोर बसलेलं बरं पडतं, एवढंच. बायजाक्का चुलीपाशी बसून आधी वर्तमानपत्र ऐकायची. ऐकून झालं की विचारायची, "आज कोन हारलं?" जो हरला असेल त्याच्या बाजूच्या माणसाला पहिली भाकरी.

"असं का हो आक्का?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"हारनाऱ्याला भूक लई लागती," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

चाळिशी ओलांडलेली, काटक, उंच बाई. पारनेर तालुक्यातली. कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. "मालक कुठं असतात?" असं एखाद्या नवख्यानं विचारलं तर "बाहेरगावी" एवढंच सांगून ती त्याच्या ताटात न मागता आमटी ओतायची. तोंडात आमटी असलेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. माणसांना ती नावानं हाक मारत नसे. मी 'छापखाना'. हायस्कुलात इतिहास शिकवणारे दाते 'मास्तर'. शेळके एका वकिलाकडे कारकून होते, पण त्यांना ती 'वकील' म्हणायची, आणि ती चूक दुरुस्त करावी असं शेळक्यांना कधी वाटलं नाही.

वाद फार चढला की तिचं एक वाक्य ठरलेलं. "आधी गिळा, मंग लढा."

वर्तमानपत्र वाचायचं काम दाते मास्तरांचं. ते संगमनेरचे. खानावळवाली मराठ्याची आहे हे त्यांनी घरी आईला कळवलं नव्हतं. आईच्या समजुतीप्रमाणे ते कुणा जोशीकाकूंकडे जेवत. वाचताना मास्तरांचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत व्हायचा, आणि नेमक्या रंगात आलेल्या जागी बायजाक्का त्यांना अडवायची.

"मास्तर, त्या रशात ज्वारी पिकती का?"

"नाही आक्का. गहू पिकतो. राय नावाचं एक धान्य पिकतं."

"त्याची भाकरी व्हती का?"

"पाव करतात."

"अरारा," ती म्हणायची. रशियाची कीव तिला तेवढ्यापुरती यायची.

कोणता सेनापती कुठे पोचला, कोणती नदी ओलांडली, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. लढाई म्हणजे हजारो माणसांचा स्वयंपाक उघड्यावर करायचा, ही तिची कल्पना. जळण कुठून आणतात? पाणी कोण भरतं? दाते मास्तरांनी सगळा युरोपचा इतिहास वाचला होता, पण या प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती.

त्या पावसाळ्यापासून नगरात वातावरणच वेगळं होतं. देशातले मोठे पुढारी धरून आणून आमच्याच किल्ल्यात कोंडले होते. भिंगारच्या छावणीतले रणगाडे रस्त्यानं धूळ उडवत जायचे. धान्य महागलं होतं, रॉकेल मिळत नव्हतं. इंग्रजाला कुणीतरी ठोकावं, मग तो कुणी का असेना, असं निम्म्या गावाला वाटत होतं. दाते मास्तरांना तर वाटायलाच हवं होतं. त्यांचा धाकटा भाऊ ऑगस्टात पत्रकं वाटताना पकडला गेला आणि तुरुंगात होता. जर्मनी जिंकली की इंग्रज जाईल, इंग्रज गेला की तुरुंगाचं दार उघडेल, असा मास्तरांचा सरळ हिशेब. शेळके मास्तरांच्या भावासाठी हळहळत, पण म्हणत, "मास्तर, चोराला दरोडेखोरानं लुटलं म्हणून आपला माल परत मिळत नसतो."

रशिया मात्र सगळीकडे मागे हटत होता. शेळक्यांच्या बाजूला शेळके एकटेच उरले होते, त्यामुळे पहिली भाकरी रोज त्यांचीच. दुसरीही. मास्तर हात धुऊन ताटकळत बसायचे.

"आक्का, मलाही भूक लागते."

"जिकताय न्हवं? मंग थांबा."

रशिया हरत होता आणि शेळके जाड होत होते.

मग दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील, आणि ती बातमी आली. व्होल्गा नदीकाठच्या ज्या शहराची आशा सगळ्या जगानं सोडली होती, तिथे रशियानं अचानक दोन्ही अंगांनी उलटी मुसंडी मारली होती. शहर घ्यायला गेलेली जर्मनांची फौजच वेढ्यात सापडली होती. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत आमच्या छापखान्याचे मालक रशियाचे तुकडे कसे पडतील ते फळ्यावर काढून दाखवत होते. त्या दिवशी त्यांनी फळा पुसला आणि "मी म्हणालोच होतो" अशी सुरुवात केली. कापडबाजारात चहाच्या दुकानात गर्दी उसळली. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला एक माणूस उठून रशियाची चाल हातवारे करून समजावत होता. काहींचे चेहरे पडले होते. "इंग्रजांची तार, इंग्रजांची बातमी, सगळं खोटं," म्हणत ते जर्मन रेडिओ चोरून ऐकणाऱ्या एका दुकानदाराकडे गेले आणि अजून पडलेले चेहरे घेऊन परत आले. संध्याकाळपर्यंत गावात रशिया हरणार असं कधीही म्हणालेला माणूस शोधून सापडला नसता.

शेळके खानावळीत आले ते पेढे घेऊन. मास्तरांच्या पुढ्यात पेढा ठेवत म्हणाले, "घ्या मास्तर. आजपासून पहिली भाकरी तुमची. तुमचे लोक डब्यात बंद झाले, झाकण लावून!"

मास्तरांनी पेढ्याला हात लावला नाही. वर्तमानपत्रही वाचलं नाही. मग शेळक्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही हसत होतो, कुणी टाळ्या दिल्या. बायजाक्काच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला होता.

"वकील," ती म्हणाली, "आत किती मानसं कोंडल्यात?"

"लाखांनी असतील आक्का!"

"खायला काय हाय त्यांच्यापाशी?"

"ते कोण सांगणार? विमानानं थोडंफार टाकतात म्हणे."

"घोडी हाईत का?"

शेळके हसले. "घोडी कशाला? पळून जायला?"

"खायला," बायजाक्का म्हणाली. "आधी खेचरं खात्यात. मंग घोडी. पैल्यांदा न्हाई म्हनत्यात. मंग खात्यात."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. त्या खानावळीत भाकरी करपलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

त्यानंतर तिला लढाईतलं दुसरं काही नको झालं. मास्तरांनी वाचायला पान उघडलं की ती एवढंच विचारायची, "आतल्यांचं काय?" थंडी वाढत होती. नगरचीही वाढली होती. आम्ही जेवायला घोंगडी पांघरून बसायचो. तिथे तर बर्फ. बायजाक्काला बर्फ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. मास्तरांनी गारांचं उदाहरण दिलं. "गारा पडतात ना आक्का, तशा. पण उचलायला कुणी नाही, वितळत नाहीत, गुडघाभर." तिनं मान वळवून अंगणाकडे बघितलं.

संक्रांतीच्या सुमारास शेळके चिडले. त्यांचा स्वभाव चिडका नव्हता, पण त्यांना राहवलं नाही.

"आक्का, तू कुणासाठी जीव टाकतेस? दुसऱ्याच्या देशात घुसलेले लोक ते. गावंच्या गावं जाळली त्यांनी. त्याच रशियात दुसऱ्या एका शहराला वेढा घालून बायापोरं उपाशी मारतायत. आता त्यांच्यावर उलटलं."

"जाळली आसतील," बायजाक्का म्हणाली. "तुमचं खोटं न्हाई, वकील. पन आमचे तरी कुठं आपल्या देशात हुते?"

"कोण आमचे?"

तिनं शेळक्यांच्या ताटात आमटी ओतली.

ते उत्तर मला मिळालं, कारण त्याच आठवड्यात मला हिवताप भरला. माझ्या खोलीवर बघणारं कुणी नव्हतं. बायजाक्कानं मला खानावळीच्या मागच्या पडवीत आणून निजवलं आणि दुपारी भाताची पेज घेऊन आली. मी दोन घोट घेऊन वाटी सरकवली. "नको आक्का, इच्छा नाही."

"नको म्हनू नगा!" ती एवढ्या जोरात ओरडली की मी दचकून वाटी परत उचलली. मग ती खाली बसली. मी पेज पीत होतो आणि ती बोलत होती, माझ्याकडे न बघता.

मागच्या मोठ्या लढाईत तिचा नवरा पलटणीतून बसऱ्याकडे गेला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिकडे नदीकाठच्या एका गावात सगळी पलटण तुर्कांच्या वेढ्यात सापडली. बाहेरून सोडवायला फौज यायची आणि मागे फिरायची. आतलं धान्य संपत आलं. मग खेचरं आणि घोडी कापायला सुरुवात झाली. हे सगळं तिला शेजारच्या गावच्या एका माणसानं सांगितलं. तो एक पाय गमावून परत आला होता.

"लई जनांनी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "जात जाईल म्हनून. गावात कळलं तर पंगतीला कोन घील? सायबांनी भटा-मुल्लांच्या चिठ्ठ्या आनवल्या, खाल्लं तर चालतं म्हनून. मंग काहींनी खाल्लं. आमच्यांनी न्हाई. तो लंगडा म्हनला, लई समजावलं त्यांना. तर म्हनायचे, बायजाला कळलं तर ती काय म्हनंल?"

बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"पुढं शरन गेले सगळे. तुर्कांनी उन्हातनं चालवत नेलं. आमच्यांच्या अंगात चालन्याइतकी ताकद ऱ्हायली नव्हती. वाटंत एका जागी बसले. लंगड्यानं मागं वळून बघितलं तर बसलेलेच हुते. म्हंजी मेलेले कुनी बघितलं न्हाई."

मी तिच्या कुंकवाकडे पाहिलं.

"मी काय म्हनले आसते, छापखाना?" ती म्हणाली. "म्हनले आसते, खावा. घोडं खावा, गाढव खावा, माती खावा, पन घरला या. पन मला इचारनार कोन? मी हितं, ते तितं. माझ्या धाकानं उपाशी बसला तो मानूस. आन मी त्यांना आयुष्यात एकदा तरी रागं भरलं हुतं का? न्हाई."

वाटी रिकामी झाली होती. तिनं ती घेतली, आत बघितलं आणि उठून गेली.

हे मी शेळक्यांना आणि मास्तरांना सांगितलं. शेळके चालता चालता रस्त्याच्या कडेला थांबले. मास्तर म्हणाले, "इतिहासाच्या पुस्तकात त्या वेढ्याला चार ओळी आहेत. मी मुलांकडून पाठ करून घेतो."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वेढा संपला. आतले शरण आले. सकाळीच गावभर झालं. पण पहिल्या बातमीइतकी गर्दी या वेळी उसळली नाही. लोकांना सवय झाली होती. दुपारी आम्ही खानावळीत गेलो. मास्तरांच्या हातात वर्तमानपत्र होतं. बायजाक्का चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली.

"आतल्यांचं काय?"

मास्तरांनी पान उघडलं. मी त्यांच्या शेजारी होतो, मला मजकूर दिसत होता. किती सेनापती धरले, किती तोफा मिळाल्या, आणि कैद्यांच्या रांगा बर्फातून चालत निघाल्या, एवढंच त्यात होतं. मास्तरांनी घसा साफ केला आणि वर्गातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"वेढ्यातील सर्व सैनिक बाहेर आले. बाहेर येताच प्रत्येकास गरम रस्सा देण्यात आला."

ते थांबले. पुढचं त्यांना सुचेना. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आईला जोशीकाकू सांगायलाही ते चार दिवस घाबरले होते. समोरून शेळके उठले. त्यांनी ते वर्तमानपत्र सकाळीच वाचलं होतं. ते मास्तरांच्या मागे येऊन उभे राहिले, वाकून पानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, खाली आहे की. ज्यांस चालवत नव्हते, त्यांस गाड्यांत बसवून नेण्यात आले. वाटेत कोणासही मागे ठेवले नाही."

"आन खाल्लं त्यांनी?" बायजाक्कानं विचारलं. "समद्यांनी?"

"सर्वांनी," मास्तर म्हणाले.

तिनं मास्तरांकडे पाहिलं, मग शेळक्यांकडे. तिला कळलं असेल का, हे मी आजही सांगू शकत नाही. "बसा," ती म्हणाली.

आम्ही बसलो. त्या दिवशी कोण हरलं हे तिनं विचारलं नाही. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती तिनं एका नव्या ताटात ठेवली. पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला, पाण्याचा तांब्या भरला. ते ताट घेऊन ती दोन्ही ओळींच्या टोकाला गेली, तिथे एक रिकामा पाट मांडला आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती पाटाच्या बाजूला जमिनीवर बसली. आमच्या ताटांत काही नव्हतं आणि आम्ही कुणी हललो नाही.

"खावा आता," ती हळूच म्हणाली. "कुनी काय म्हननार न्हाई."