मिशीतला दाणा

आमच्या कंपनीत नवीन माणूस आला, की महिपती चौगुले सर त्याच्याशी हात मिळवतात तो डाव्या हाताने. समोरच्याचा उजवा पुढे आलेला असतो. दोन हात एकमेकांत काही केल्या बसत नाहीत, बोटं अडकतात, माणूस ओशाळतो. मग सर खूश होऊन म्हणतात, "बसंना न्हवं? ह्योच आपला धंदा!"

माझ्याशीही त्यांनी हेच केलं. मी हुपरीच्या पैंजण करणाऱ्या घरातली. आमच्यात डाव्या हाताने कुणाला पाण्याचा पेलासुद्धा देत नाहीत. पहिल्याच दिवशी या भल्याथोरल्या मिशीच्या माणसाने डावा हात पुढे केला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी समजावलं. काही औषधांचे रेणू दोन प्रकारचे असतात, दिसायला सारखे, पण एक डावा आणि एक उजवा. शरीरात त्यातला एकच नीट बसतो. तेवढाच वेगळा काढायचा, आम्लाबरोबर त्याचा क्षार करायचा आणि त्या क्षाराचे स्फटिक पाडायचे. कॉलेजात मला हे दोन वर्षं शिकवलं होतं. कळलं मात्र त्या दिवशी.

स्फटिक हा शब्द सरांच्या तोंडी कधी आला नाही. त्यांचे वडील वारणानगरला साखर कारखान्यात पॅनवर होते. रस आटत आटत साखर दिसायला लागली, की पॅनवर म्हणतात, दाणा धरला. सरांनी तोच शब्द प्रयोगशाळेत आणला. परदेशातून आलेल्या पाहुण्यांसमोरही ते "दाणा"च म्हणायचे, आणि पाहुणेही जाताना "डाना, डाना" करत जायचे.

दाण्यात पुन्हा कच्चा आणि पक्का. एकाच क्षाराचे दाणे निरनिराळ्या ठेवणीत धरतात. काही दिसायला देखणे असतात, पण दमट हवेत किंवा उन्हाळ्यात पाकिटातल्या पाकिटात गुपचूप रूप बदलतात. मग गोळी पोटात हवी तशी विरघळत नाही. जो कशानेही बदलत नाही, तो पक्का. सरांनी ही कसोटी साऱ्या जगाला लावली होती. कॅन्टीनचा नवा आचारी पाहून म्हणाले, "कच्चा हाय. पावसाळ्यात बदलणार." पावसाळ्यात तो खरंच दुसरीकडे गेला. पुतणीला स्थळ आलं, तेव्हा त्यांनी मुलाच्या मामाला गंभीरपणे विचारलं, "पोरगा दमट हवेत टिकंल न्हवं?" मामा उसळून म्हणाला, "आवं, त्याला दमा न्हाय!"

रक्तदाबाच्या एका औषधाचा असाच क्षार आमच्याकडे चालला होता. कित्येक महिने दाणा धरेना. प्रत्येक वेळी भांड्यात नुसता चिकट, तपकिरी पाक. "काकवी झाली," असं सर दारातून म्हणाले, की त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नसे. मग एका सकाळी आरोळी आली, "मुल्लाणीबाई, धरला की वो!" मी गुणवत्ता विभागात. कौतुक करणं माझ्या कामात बसत नाही आणि स्वभावातही. तो दाणा मी दमट पेटीत ठेवला, तापवला, पुन्हा पुन्हा तपासला. तो जसाच्या तसा. पक्का! त्या दिवशी मी स्वतः सगळ्यांना कटवडा मागवला.

घोडं पुढे अडलं. आमच्या दुसऱ्या कारखान्यात तीच कृती केली, तर काकवी. सर तिथे गेले की दाणा धरायचा, सर परतले की पुन्हा काकवी. मुंबईचे मोठे साहेब वैतागले. "चौगुले, याला कृती म्हणत नाहीत, करणी म्हणतात," म्हणाले.

मग कुणीतरी मिशीचं नाव काढलं. पूर्वी धरलेल्या दाण्याची बारीक धूळ कपड्यांत, केसांत बसते आणि तिचा एखादा कण जरी भांड्यात पडला तरी तेवढ्यावर सगळं धरतं, असा आमच्या धंद्यात जुना समज आहे. तो अगदीच खोटाही नाही. आणि सरांची मिशी म्हणजे गालापर्यंत गेलेली. विचार करताना ते तिला पीळ देणार, तोही भांड्यावर वाकून. साहेबांनी सांगून टाकलं, मिशीवाचून दाणा धरतो हे दाखवा, नाहीतर हे औषध बंद.

नवी इमारत तयारच होती. काचेची भांडी नवी घ्यायची, कपडे नवे घालायचे आणि कृती सरांच्या हाताची म्हणून करायचं त्यांनीच, असं ठरलं. मिशीचं काय, यावर मी मास्क सुचवला.

"मास्कखाली मिशी हायच की," सर म्हणाले. "उद्या कुणीबी म्हणंल, गळलं आसंल कायतरी. शंका ऱ्हायली म्हंजे दाणा कच्चाच."

"मग काढा."

ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाप जित्ता हाय माजा, बाई."

बाप गेल्यावरच मिशी उतरवायची, ही त्यांच्याकडची रीत मला ठाऊक होती. त्यांचे आबा धाकट्या भावाकडे वारणानगरलाच असतात. सर दर रविवारी जातात. पण आबांना अलीकडे विसर पडलेला. लेकालाच विचारायचे, "या पावणं, कुठनं आला?" सर सांगायचे, कोल्हापूरनं. पाहुण्यासारखा चहा घ्यायचे आणि परत यायचे. सोमवारी आम्हाला हसत हसत सांगायचे, "काल पावण्याच्या चहात साखर जास्त पडली बगा." आम्हीही हसायचो.

प्रयोगाच्या शुक्रवारी वॉचमनने सरांना फाटकातच अडवून पास मागितला. वरचा ओठ कोरा, पांढराफटक. कुणाकडे न बघता सर नव्या इमारतीत गेले. आम्ही काचेबाहेर उभे. दुपारपर्यंत भांड्यात काकवीच होती. चहाच्या सुमाराला कडेला धुकं धरल्यासारखं दिसलं, मग ते खाली बसायला लागलं. सरांनी भांडं उजेडात धरलं आणि एवढंच म्हणाले, "धरला." मी तपासलं. तोच, पक्का.

दुसऱ्या कारखान्याचं कोडंही नंतर सुटलं. तिकडच्या आम्लाला ओल असायची. सर गेले की सवयीने ते आधी वाळवून घ्यायचे, आणि ही सवय कृतीत लिहायचीच राहिली होती. मिशी बिचारी निर्दोष होती.

त्या रविवारी सर वारणानगरला एसटीतून उतरले. स्टँडवर ओळखीच्यांनी त्यांचा ओठ पाहिला आणि जे समजायचं ते समजले. सर भावाच्या घरी पोचेपर्यंत दारात माणसं जमली होती. एका म्हातारीने गळा काढला होता. आबा स्वतः ओट्यावर बसून, "कोण गेलं? लई वाईट झालं," म्हणत सगळ्यांचं सांत्वन करत होते.

सर पुढे झाले तशी गर्दीने वाट दिली. आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हैप्या, शाळा सुटली व्हय रं? किती उशीर?"

सोमवारी हे सांगताना सर हसले नाहीत. "मी म्हटलं, व्हय आबा, सुटली," एवढं बोलून ते भांडी धुवायला वळले.

याला आता बरेच महिने झाले. औषध बाजारात आलं. सर मात्र रोज ओठ गुळगुळीत करून येतात. परवा न राहवून मी म्हटलं, "सर, आता वाढवा की मिशी. छान दिसायची."

"न्हाय वो, मुल्लाणीबाई," ते म्हणाले. "मिशी आली की मी परत पावणा."