एका दिवसापुरता थोरला

थोरलीनं वडिलांचा पांढरा शर्ट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, केस टोपीत कोंबले आणि आरशासमोरूनच आईला हाक मारली, "बघ गं, जमलंय का?"

आई हात पुसत आली. तिनं लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय जमलंय? भाड्यानं आणलेल्या भुतासारखी दिसतेयस."

"दिसतोयस म्हण. आजच्या दिवस मी मुलगा आहे."

"ते मला जमायचं नाही. इतक्या वर्षांनी कुठं जीभ वळलीय. आता एका दिवसासाठी परत कुठं वळवू तिला?"

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. थोरलीला घरात पूर्वी थोरला म्हणत. शब्दातला काना पुसायचा आणि तिथं वेलांटी द्यायची, एवढंच काम. पण ते करता करता घर मेटाकुटीला आलं होतं. सुरुवातीला तर आई तिच्याशी नुसती भावे प्रयोगात बोलायची. "जेवून घ्यावं", "लवकर यावं", "दिवा मालवावा". मुलगा की मुलगी, भानगडच नको. पुढं कधीतरी एका सकाळी ती सहज "उठलीस का गं?" असं म्हणाली, आणि थोरली पांघरूण डोक्यावर घेऊन बराच वेळ तशीच पडून राहिली. तेव्हापासून घरात वेलांटी पक्की झाली होती.

घरात झाली, पण सरकारदरबारी झाली नव्हती. थोरलीच्या ओळखपत्रावर अजून जुनं नाव होतं, रकान्यात 'पुरुष' होतं आणि फोटोत चांगली झुबकेदार मिशी होती. नवं कार्ड मिळावं म्हणून तिनं अर्ज केला होता. त्याची पावती मिळाली होती, कार्ड कधी मिळणार ते कुणीच सांगत नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायची. मागं एकदा त्याच कामासाठी परगावी निघाली असताना विमानतळाच्या दारात तिला अडवलं होतं. ती मिशीचं स्पष्टीकरण देत उभी होती तेव्हा तिचं विमान तिच्या डोक्यावरून उडून गेलं होतं.

या वेळी तसं होऊन चालणार नव्हतं. धाकटी बहीण लांबच्या शहरात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिनं फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाळ तू आधी बघ, मी एक वेळ नंतर बघेन, पण ताई, तू हवीस." म्हणून थोरलीनं ठरवलं, वाद घालायचा नाही. कार्डावर पुरुष आहे ना? मग पुरुष होऊन जायचं. तिकडे उतरल्यावर पुन्हा आपण आपल्या.

बरोबर निघालेल्या आईनं एकच अट घातली. "तो निळा फुलाफुलांचा ड्रेस हातातल्या पिशवीत घे. धाकटीसमोर हे ध्यान नेऊ नकोस."

विमानतळाच्या दारात सुरक्षारक्षकानं थोरलीचं कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "मिशी काढली वाटतं साहेब?"

"उन्हाळा आहे," थोरली घसा खरवडून जाड आवाजात म्हणाली.

रक्षक हसला. त्यानं तिकिटाकडे नजर टाकली, आणि त्याचं हसू मावळलं. "साहेब, हे तिकीट बाईंचं आहे."

थोरलीनं तिकीट हातात घेऊन वाचलं. तिकिटं धाकटीच्या नवऱ्यानं काढली होती. थोरलीनं त्याला कार्डाचा फोटो मुद्दाम पाठवला होता. पण जावईबापू मनानं मोठे. त्यांनी तिकिटावर तिचं नवं नाव घातलं होतं, आणि त्याच्या आधी, मान कमी पडू नये म्हणून, 'श्रीमती'.

"या बाई कुठायत?" रक्षकानं विचारलं.

"ही काय," आई म्हणाली आणि थोरलीकडे बोट दाखवलं.

"आजी, हे गृहस्थ आहेत."

"गृहस्थ कुठले? लेक आहे माझी. अगं, उभी काय राहिलीस नुसती, पिशवी धर ना!"

थोरलीनं डोळे मिटून घेतले. रक्षकानं मात्र उघडले, चांगले मोठे. मग त्यानं दोघींना आतल्या एका खोलीत, अधिकारीबाईंसमोर नेऊन उभं केलं.

अधिकारीबाईंच्या टेबलावर चहा निवत होता. तो सकाळपासूनच निवत असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. थोरलीनं पिशवीतल्या पर्समधून अर्जाची पावती काढली. पावतीवर जुनं नाव होतं, नवं नाव होतं, शिक्का होता आणि तिचा आताचा, मोकळ्या केसांचा, कानात डूल घातलेला फोटो होता.

"कागद व्यवस्थित आहे," बाई म्हणाल्या. "पण या फोटोतल्या बाई तुमच्यासारख्या दिसत नाहीत."

"कारण मी आज वेष पालटलाय."

"विमानतळावर वेष पालटून आलात?" बाईंचा हात फोनकडे सरकला.

"तसं नाही हो! कार्डावर पुरुष आहे म्हणून पुरुष झाले. तिकिटावर बाई निघेल हे मला काय माहीत?"

"म्हणजे तुम्ही नक्की कोण?"

"मी बाई. शर्ट वडिलांचा आहे."

अधिकारीबाईंनी फोनवरचा हात मागं घेतला. "मग बदलून या," त्या म्हणाल्या. "मला या फोटोतल्या बाई समोर बघायच्यात."

बदलायचं म्हणजे स्वच्छतागृहात जायचं, आणि तिथं दारं दोन. वडिलांच्या शर्टात बायकांच्या दारानं शिरावं तर आत किंकाळ्या फुटणार. पुरुषांच्या दारानं शिरावं तर बाहेर येताना अंगावर फुलाफुलांचा ड्रेस. थोरली दोन्ही दारांच्या मधोमध उभी राहिली. तिला अगदी हसायलाही येत होतं आणि रडायलाही.

आईनं पिशवी तिच्या हातात दिली, विमानात गार लागेल म्हणून घेतलेली शाल पदर खोचावा तशी कमरेला गुंडाळली आणि बायकांच्या दारातून पुढं झाली. "कुणी घाबरू नका गं! माझी मुलगी येतेय आत. कपडे तेवढे बापाचे आहेत."

आत आरशासमोर उभ्या असलेल्या दोघीतिघींनी वळून पाहिलं. एक म्हणाली, "येऊ द्या की." दुसरीनं हात वाळवायच्या यंत्राखालून बाजूला होत जागा दिली. थोरली बाहेर आली तेव्हा ड्रेस घातलेला होता, डूल चढलेले होते आणि टोपीनं चपटे झालेले केस कुणाच्या तरी कंगव्यानं विंचरलेले होते. तिनं मोकळा श्वास घेतला. सकाळपासून पहिला.

"हां, आता पटलं," अधिकारीबाई फोटो आणि चेहरा ताडून म्हणाल्या. "फक्त तिकीट आणि कार्ड वेगळं असल्यामुळे कुणीतरी जबाबदार नातेवाइकानं सांगायला हवं की ही तीच व्यक्ती आहे."

आई या वाक्याची वाटच पाहत होती. ती खुर्ची सरकवून ऐसपैस बसली. "मी सांगते. मी आई आहे तिची. हे माझं कार्ड."

बाईंनी कार्ड पाहिलं, आईकडे पाहिलं. कार्ड दिव्याखाली धरलं. "आजी, हा फोटो तुमचा आहे?"

"नाहीतर काय शेजारणीचा?"

"फोटोत गाल पार आत गेलेत. तुमचे तर भरलेले आहेत."

"भरणारच! तेव्हा माझ्या तोंडात एकही दात नव्हता. आता वरची, खालची, दोन्ही कवळ्या माझ्या या मुलीनं बनवल्यात. कडक भाकरीसुद्धा फोडते." आईनं सगळे दात दाखवले. अधिकारीबाई जरा मागं सरकल्या.

"छान आहेत. पण मला कार्ड नीट बघावं लागेल." त्यांनी कार्ड अक्षर अक्षर वाचायला घेतलं आणि मध्येच थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "आजी, इथं तुम्ही पुरुष आहात."

निवलेल्या चहावर एक माशी बसली.

"कोण म्हणतं?" आईनं विचारलं.

"सरकार म्हणतंय."

"सरकारला विचारा, माझी दोन बाळंतपणं काय सरकारनं केली?"

अधिकारीबाईंनी एकदा लेकीकडे आणि एकदा आईकडे पाहिलं, आणि शक्य तितक्या हळुवारपणे विचारलं, "आजी, तुम्हीपण... म्हणजे काही बदललंय का?"

"दात बदललेत!" आई कडाडली.

थोरलीनं कार्ड ओढून घेतलं. खरंच होतं. तिला एकदम आठवलं, आईवडिलांची कार्डं एकाच दिवशी, एकाच खिडकीवर काढली होती. तिथल्या माणसानं दोघांचे रकाने उलटसुलट केले असणार. बाईमाणसाच्या कार्डावर हा रकाना कोण वाचतंय? आजवर कुणी वाचला नव्हता.

"म्हणजे तुझे वडील गेले ते बाई म्हणून?" आईच्या डोक्यात उजेड पडला. मग ती जराशी विचारात पडली. "बरं झालं, त्यांना कळलं नाही. चारचौघांत केस विंचरायचीसुद्धा लाज वाटायची त्यांना."

"हा आता पेचच झाला," अधिकारीबाई म्हणाल्या. "या तुमच्या मुलगी कशावरून, तर तुम्ही सांगता म्हणून. आणि तुम्ही यांच्या आई कशावरून?"

"मी सांगते म्हणून," थोरली म्हणाली. "माझा कागद तर व्यवस्थित आहे ना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. कागदोपत्री त्यांच्यासमोर दोन पुरुष बसले होते, आणि दोघांपैकी ज्याच्यासाठी हमीदार बोलावला होता त्याचेच कागद जास्त धड होते. शेवटी त्यांनी धाकटीच्या नवऱ्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. पलीकडून धापा टाकणारा आवाज आला.

"तुमच्याकडे आज कोण येणार आहे?"

"सासूबाई आणि ताई! अडवलंय का त्यांना? अहो मॅडम, सोडा हो! बायकोला आत नेलंय आणि ती तिथनं ओरडतेय, ताई आली का म्हणून. मी दारातून डोकावलो तर म्हणाली, तू नको, ताई कुठाय?"

मागून खरोखरच कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. अधिकारीबाईंनी फोन ठेवला, दोन्ही तिकिटांवर सही केली, शिक्का मारला. "पळा," त्या म्हणाल्या. "आणि आजी, ते कार्ड दुरुस्त करून घ्या."

झडतीच्या ठिकाणी बायकांची रांग आणि पुरुषांची रांग वेगळी होती. दोघी मायलेकी बायकांच्या रांगेतून गेल्या. पडद्याआडच्या मुलीनं दोघींच्या अंगावरून यंत्र फिरवलं, ते कुणासाठीच वाजलं नाही.

विमानात पट्टा बांधून झाल्यावर आईनं विचारलं, "कार्ड दुरुस्त करायचं म्हणजे काय करायचं गं? तुझी त्या ऑफिसात ओळख आहे ना?"

"ओळख कसली, नुसते हेलपाटे. आधी प्रतिज्ञापत्र करायचं. मी स्त्री आहे असं लिहून द्यायचं."

"मी बाई आहे, हे मी लिहून द्यायचं?"

"हो."

"आणि त्यांना ते पटणार?"

"लगेच नाही. आधी विचारतात, कधीपासून? मग कशावरून? मग डॉक्टरांचा दाखला आणा म्हणतात. मग साहेब जागेवर नसतात. मग ते येतात आणि पहिल्यापासून सगळं विचारतात. रांगेतले लोक ऐकत असतात."

आईनं खिडकीबाहेर पाहिलं. ढग खाली गेले होते. तिनं लेकीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "हे सगळं तू एकटी करत होतीस?"

"मग काय झालं."

"मला का नाही नेलंस?"

"तू तेव्हा भावे प्रयोगात बोलायचीस."

आई हसली, मग तिचे डोळे भरले, मग पुन्हा हसली. "पुढच्या खेपेला दोघी जाऊ," ती म्हणाली. "बघतेच मी, मला कोण विचारतं कधीपासून म्हणून."

दवाखान्याच्या दारात जावईबापू त्यांची वाट पाहत येरझाऱ्या घालत होते. "मुलगी झाली!" ते लांबूनच ओरडले. "दोघी छान आहेत! चला, मीही अजून पाहिली नाहीये."

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या तोंडाशी स्टुलावर एक पहारेकरी बसला होता. थोरलीनं त्याला पाहिलं, आणि तिचा हात आपोआप पर्सकडे गेला. "कार्ड दाखवायचं का?"

"कार्ड कशाला ताई?" तो म्हणाला. "बायकांचा वॉर्ड आहे. जा आत. आजी, तुम्हीपण जा, जपून, फरशी ओली आहे." मग त्यानं आडवा हात घालून जावईबापूंना थांबवलं. "तुम्ही कुठं?"

"अहो, मी बाप आहे!"

"कशावरून?" पहारेकऱ्यानं विचारलं.

धाकटी उशीला टेकून बसली होती, थकलेली आणि उजळलेली. थोरलीला पाहताच तिनं कुशीतलं गाठोडं अलगद पुढं केलं. "आधी हिला घे. किती वाट बघायला लावलीस. बघ गं बाळ, मावशी आली तुझी."

थोरलीनं बाळाला दोन्ही हातांत घेतलं. बाळानं एक डोळा उघडला, मावशीकडे नीट पाहिलं, काहीही विचारलं नाही आणि जांभई दिली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता.

"अगंबाई, आणि हे कुठं राहिले?" धाकटीनं दाराकडे बघत विचारलं. "तुमच्याबरोबर नाही आले?"

आईनं शाल झटकली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि ऐटीत पलंगाच्या कडेला बसली.

"बाहेर उभेत," ती म्हणाली. "इथं पुरुषांना आत सोडत नाहीत."